आधी उतरवा, मग चढवा : जुन्या घरांवर मजला काढण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

जुन्या गावात जागा वाढत नाही, घरातली माणसं वाढतात. त्यामुळे धाब्यावर (लाकडी कड्यांवर माती थापलेल्या सपाट छतावर), स्लॅबवर, गच्चीवर एखाद-दोन खोल्या काढण्याबद्दल खानदेशातून पत्रं येत असतात. त्यातली काही इथे घेतली आहेत. बहुतेकांनी ‘किती खर्च येईल’ असं विचारलंय. आम्ही आधी ‘किती वजन येईल’ ते सांगतो आहोत, कारण खर्चाचा आकडा त्यातूनच निघतो.

प्रश्न : आमचं घर जुन्या गावात, धाब्याचं आहे. भिंती मातीच्या, दोन-दोन फुटी, मधे लाकडी खांब. धाकट्याचं लग्न ठरलं आहे, वर दोन खोल्या हव्यात. मिस्तरी म्हणतात, धाबं काढून स्लॅब टाकू आणि वर ९ इंची विटांच्या भिंती घेऊ. ‘काही व्हत नही’ म्हणतात. खरंच होत नाही का?
— एक वाचक, अमळनेर

होतं. लगेच दिसत नाही, एवढंच. दोन-तीन पावसाळे जातात, मग भिंतीला पोट सुटतं आणि दारं चौकटीत अडकायला लागतात.

हिशेब मांडून बघा. तुमचं धाबं १५ बाय २० फुटांचं, म्हणजे ३०० चौरस फुटांचं धरू. दर वर्षी मृगाच्या आधी खारी माती टाकत टाकत जुन्या धाब्याची जाडी एक फुटाच्या वर गेलेली असते. १४ इंच धरली, तर कोरड्या मातीचं वजन चौरस फुटाला साधारण ५२ किलो होतं. सगळ्या धाब्याचं मिळून पावणेसोळा टन. पावसात भिजलं की यात आणखी दोन-तीन टनांची भर.

आता मिस्तरींचा बेत. ५ इंची स्लॅब चौरस फुटाला २९ किलो, वर फरशी-मसाला १० किलो. ९ इंची, १० फूट उंच विटांची भिंत प्लास्टरसकट दर फूट लांबीला ४५० किलो भरते. घेर ७० फुटांचा, म्हणजे नुसत्या बाहेरच्या भिंतीच साडेएकतीस टन. त्यावर दुसरा स्लॅब, त्यावर कोबा, आणि माणसं-सामान यांचा चौरस फुटाला १९ किलो. बेरीज ६० टनांच्या पुढे जाते. पावणेसोळा टन पेलणाऱ्या भिंतीवर चौपट ओझं! मातीची भिंत दाबाला बरी असते, पण ओल लागली की तिची ताकद झपाट्याने उतरते, आणि ओल तळाशी लागते, जिथे वजन सगळ्यात जास्त असतं.

तरीही वर खोल्या होऊ शकतात. धाब्याची माती उतरवली की भिंतींवरून पावणेसोळा टन कमी होतात, आणि तेवढ्याच्या आत नवा मजला बसवायचा. लोखंडी चौकट, खाली जोइस्टवर (आडव्या लोखंडी तुळयांवर) १८ मिमीचे सिमेंट फायबर बोर्ड आणि पातळ टाइल, भिंतींना दोन्ही बाजूंनी ८ मिमी बोर्ड आणि मधे रॉकवूल, वर ५० मिमीचे पफ पॅनल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेले). हे सगळं धरून चौरस फुटाला २५ किलोच्या आसपास येतं. माणसं-सामानाचे १९ मिळवले तरी ४४. धाब्याच्या ५२ पेक्षा कमीच.

आकडा जुळला म्हणजे काम जुळलं असं मात्र नाही. धाब्याची माती सगळ्या भिंतींवर सारखी पसरलेली असते. लोखंडी चौकटीचं वजन तिच्या पायांखाली, चार-सहा ठिकाणी एकवटतं आणि मातीची भिंत तिथे चिरडते. म्हणून भिंतीच्या माथ्यावर दोन्ही अंगांनी लोखंडी चॅनेल घालून, ते आरपार बोल्टांनी एकमेकांना आवळून, घरभर सलग पट्टा करायचा आणि चौकटीचे पाय त्यावर ठेवायचे. चारही कोपऱ्यांत हा पट्टा तुटता कामा नये. धाब्याचं वजन आणि कड्या यांनी आजवर भिंती एकमेकींना धरून ठेवलेल्या होत्या. ते काढल्यावर पट्टा नसेल तर भिंती सुट्या पडतात. तापी खोरं भूकंपाच्या तिसऱ्या विभागात (झोन ३) मोडतं, हेही लक्षात असू द्या. आयएस १३८२७ हे मातीच्या बांधकामाचं मानक या विभागात मातीच्या घराला दोन मजल्यांपर्यंतच परवानगी देतं, आणि भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आठपटीहून जास्त नसावी असं सांगतं. म्हणजे तुमच्याकडे तळमजला आणि वर एक, तोही हलका. तिसऱ्याचा विचार सोडून द्या.

भिंतच खराब असेल, खाली उंदरांनी पोखरलेली, तळ ओलसर, तर वरच्या मजल्याचा भार तिच्यावर घालूच नका. भिंतीच्या आतून जमिनीपासून स्वतंत्र लोखंडी खांब उभे करा, त्यांना स्वतःचा पाया द्या. खोली अर्धा-अर्धा फूट लहान होईल. भिंत मग फक्त स्वतःला सांभाळते. आमच्या मते जुन्या गावातल्या निम्म्या घरांना हाच मार्ग लागू पडतो, पण मिस्तरी तो सुचवत नाहीत, कारण त्यात फॅब्रिकेटरचं काम जास्त आणि त्यांचं कमी असतं.

धाबं उतरवण्याची रीत : खालून प्रत्येक खणात टेकू आधी. मग मधून सुरुवात करून दोन्ही बाजूंना सारखं सरकत यायचं, घमेल्याने खाली. एका टोकाचं पूर्ण मोकळं करून दुसऱ्या टोकाला ढीग केलात, तर ढिगाखालच्या कड्या मोडतात. माती निघत जाते तशा कड्या वर उठतात आणि खालच्या भिंतीला चिरा जातात. त्या बऱ्याचदा वरवरच्याच असतात, पण खडूने टोकं खुणावून ठेवा, आठवड्याने वाढल्या का पाहा. ३०० चौरस फुटांतून साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते, मोकळी झाली की सव्वाचार-साडेचार ब्रास भरते. फेकू नका, पांढरीची माती शेतकरी शेतात टाकायला नेतात. मजुरांना गमबूट आणि जाड हातमोजे द्या, कारण जुन्या धाब्यात विंचू हमखास निघतात.

माती निघाली की लाकूड तपासा. साग आणि आंजन वर्षानुवर्षं टिकतं, पण कडीचं भिंतीत गेलेलं टोक वेगळं वागतं. तिथे हवा नाही, ओल आहे, वाळवी आहे. वरून खणखणीत वाटणारी कडी भिंतीतल्या नऊ इंचांत भुसा झालेली असते. टोकापाशी पेचकस दाबून बघा. अर्ध्या इंचाहून जास्त सहज आत गेला, तर ती कडी भाराला धरायची नाही. हातोडीने वाजवताना ‘ठण’ ऐवजी ‘भद’ आवाज आला तरी तेच. चांगल्या कड्या राहू द्या, पण छत म्हणून, भार घ्यायला नको.

पायाचाही अंदाज घ्या. बाहेरून एक आणि आतून एक, ३ बाय ३ फुटांचा चाचणी खड्डा, पायाच्या तळापर्यंत. तळाच्या खाली खणायचं नाही, दोन्ही खड्डे एकाच वेळी उघडे ठेवायचे नाहीत, आणि बघून झालं की त्याच दिवशी कुटून भरायचे. जुनं गाव पांढरीवर, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या भरावावर बसलेलं असतं. बाहेर काळी माती लागली, तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. नव्या खांबाचा पाया तिच्यावर न थांबवता मुरमापर्यंत न्यायचा. आणखी एक गोष्ट घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा : घरात पेव (धान्य साठवायचा जमिनीतला खड्डा) होतं का, बळद (धान्याची बंदिस्त कोठी) कुठे होतं? बुजवलेल्या पेवावर खांबाचा पाया आला तर तो एका बाजूला बसतो. जमीन ठोकून पोकळ आवाज येतो का ते बघा. पेव सापडलं तर मोकळं करून १:४:८ च्या (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीटने थरावर थर भरून घ्या.

हंगाम शेवटी, पण महत्त्वाचा. दिवाळीनंतर धाब्याला हात घाला आणि आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत वरचं छप्पर चढलेलं हवं. धाबं उघडं असताना वळवाचा एक जोरदार पाऊस आला तर मातीच्या भिंतीच्या माथ्यात पाणी शिरतं, आणि तो ओलावा पुढचा पावसाळाभर निघत नाही.

प्रश्न : गल्ली नंबरातलं आमचं घर १९९४ साली आरसीसी करून घेतलं. तळ आणि वर एक. त्यावेळी पुढे मजला काढता यावा म्हणून खांबांच्या सळया गच्चीवर सोडल्या होत्या. आता तिसरा मजला काढायचा आहे. सळया आहेत म्हणजे सोय आहे ना?
— एक वाचक, धुळे

सळया ठेवल्या त्या इच्छेपोटी. हिशेब केला होता का ते आराखड्यात बघावं लागेल, आणि बहुतेकांकडे तो आराखडा नसतो.

त्या काळी आपल्याकडे सर्रास ९ बाय १२ इंचांचा खांब आणि त्यात १२ मिमीच्या चार सळया घालत. मुळात हे प्रमाणच कमी आहे. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकाने खांबात किमान ०.८ टक्के लोखंड सांगितलंय. चार सळया ०.६५ टक्के भरतात, सहा असत्या तर ०.९८ झालं असतं. अशा खांबाला एम-१५ ताकदीचं काँक्रीट धरून सरळ दाबात साधारण ३६ टन पेलता येतात, तेही काँक्रीट खरंच एम-१५ निघालं तर. आता खांबाच्या वाट्याला १२० चौरस फूट येत असतील, तर विटांच्या भिंती आणि स्लॅबचा एक मजला त्याच्यावर १४ ते १६ टन टाकतो. दोन मजल्यांचे ३० टन आधीच आहेत. तिसरा आला की ४५. वारा आणि भूकंप यांचा आडवा जोर यात अजून धरलेलाच नाही.

म्हणून काम सुरू करायच्या आधी तपासणी. रिबाउंड हॅमरने (ठोका देऊन कठीणपणा मोजणाऱ्या हातोडीने) प्रत्येक खांबाचं पृष्ठ, अल्ट्रासोनिक ध्वनिलहरींनी आतला भाग. लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या वर आला तर काँक्रीट चांगलं, तीनच्या खाली आला तर शंकास्पद. एक-दोन ठिकाणी छोटा तुकडा काढून फिनॉल्फ्थेलिन शिंपडायचं. गुलाबी झालं तर सळईभोवतीचं काँक्रीट अजून तिचं गंजापासून रक्षण करतंय. रंग चढला नाही तर ते संरक्षण संपलं आहे. तपासणी गच्चीवरून सुरू करू नका, न्हाणीघराशेजारच्या तळमजल्यावरच्या खांबापासून करा. सगळ्यात आजारी तोच असतो.

आता त्या सळया. तीसेक वर्षं उन्हापावसात उघड्या राहिलेल्या. त्यांच्याभोवती पाणी मुरून गच्चीच्या पातळीवर, काँक्रीटमधून बाहेर येतात नेमकं तिथे, त्या सगळ्यात जास्त खाल्ल्या जातात. तारेच्या ब्रशने घासून धातू दिसेपर्यंत साफ करा आणि कॅलिपरने जाडी मोजा. वरचं टोक १२ मिमी दाखवतं, बुडाशी १०. शिवाय जोडाला १२ मिमीच्या सळईसाठी २ फूट लांबी लागते; बहुतेक ठिकाणी एक-सव्वा फूटच शिल्लक असते, आणि कपडे वाळत घालायला वाकवलेल्या सळया परत सरळ करताना तुटतातही. तुकडा वेल्डिंगने वाढवू म्हणणाऱ्याला नको म्हणा.

उपाय दोन. पहिला, रासायनिक अँकर, म्हणजे काँक्रीटात भोक पाडून इपॉक्सीने नवी सळई चिकटवणं : १२ मिमी सळईला साधारण १६ मिमीचं भोक, इंजिनिअरने ठरवलेल्या खोलीपर्यंत. भोक फुंकायचं, ब्रशने घासायचं, पुन्हा फुंकायचं, असं तीनदा. इथेच काम बिघडतं. धूळ राहिली की इपॉक्सी धुळीला चिकटतो, काँक्रीटला नाही, आणि सळई हाताने ओढली तरी निघते. दुसरा, आणि तुमच्यासाठी बरा : वरचा मजला लोखंडी चौकटीचा घ्या, चौकटीचे पाय बेस प्लेट आणि अँकर बोल्टने थेट खांबांच्या डोक्यावर बसवा. मग जुन्या सळयांची गरजच उरत नाही; त्या काँक्रीटच्या खाली कापून तोंडं ग्राउटने बंद करा.

आणि इथेही आधी उतरवा. गच्चीवरचा चार इंची विटांचा कोबा चौरस फुटाला १८ किलो असतो, १००० चौरस फुटांवर १८ टन. वर खोली येणार, गच्चीवर पाऊस पडणार नाही, मग कोबा कशाला? तो काढा, स्लॅब नीट बघा, चिरा भरा.

खांब कमी पडतच असतील तर जॅकेटिंग. नवीन काँक्रीट चारही बाजूंनी किमान १०० मिमी, जुन्यापेक्षा वरच्या ग्रेडचं, जुना पृष्ठभाग टाचा मारून खरबरीत केलेला. पण हे पायाच्या फुटिंगपासून सुरू झालं पाहिजे. फरशीच्या वरून सुरू केलेलं जॅकेट दिसायला भक्कम दिसतं, वजन मात्र फरशीखालच्या जुन्याच बारीक खांबावर येतं. फरशी फोडायचा कंटाळा म्हणून हे सगळीकडे होतं.

प्रश्न : वर पत्र्याच्या खोल्या काढल्या तर उन्हाळ्यात राहता येईल का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. शिवाय वादळात पत्रे उडतात ती भीती.
— एक वाचक, भुसावळ

साध्या पत्र्याखाली राहता येणार नाही. धाब्याखाली किंवा स्लॅबखाली राहिलेल्या माणसाला तर दुपारी तिथे बसवणारही नाही. वर खोली झाली की खालच्या मजल्याला सावली मिळते आणि तो थंड होतो, पण ती सगळी उष्णता वरची खोली घेते. तेव्हा छपरावर पैसे वाचवू नका. ५० मिमी पफ पॅनल हे किमान, वरचा रंग पांढरा. खाली ६ इंच हवेची पोकळी सोडून फॉल्स सीलिंग, आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळीचे झरोके. झरोके नसले तर पोकळीच तापते. पश्चिमेच्या भिंतीत खिडकी छोटी, तिच्यावर दोन फुटी झाप. रात्री गच्चीवर झोपायची आपली सवय मोडायची नसेल, तर सगळी गच्ची झाकू नका, एक खण उघडा ठेवा. कुरड्या-पापड वाळवायलाही तो लागणारच.

वादळाचं गणित साधं आहे. ताशी १४० किलोमीटरचा वारा धरला, तर छपरावर चौरस मीटरला साधारण ९० किलोचा वर उचलणारा जोर येतो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला पाचेक किलो. पफचं दहा-अकरा. म्हणजे छप्पर वजनाने बसत नाही, बांधलेलं असतं म्हणून राहतं. हा बांधलेपणा साखळीसारखा खालपर्यंत जायला हवा : पॅनल पर्लिनला (छपराखालच्या आडव्या पट्टीला), पर्लिन रॅफ्टरला (उतरत्या तुळईला), रॅफ्टर खांबाला, खांब बेस प्लेटला, प्लेट स्लॅबला किंवा पट्ट्याला. रावेर-यावलकडे मेच्या वादळात केळीबरोबर जी छपरं जातात, त्यातली बरीचशी पत्र्यातून नाही, पर्लिनसकट उखडलेली असतात, कारण पर्लिन दोन टाके वेल्डिंगवर बसवलेली होती. कडेच्या आणि कोपऱ्याच्या तीन-चार फुटांत स्क्रू दुप्पट घ्या, जोर तिथे जास्त असतो. पॅनल कडेला एक फुटाहून जास्त बाहेर काढू नका. स्क्रूचा रबरी वॉशर उन्हाने तडकतो. दर दोन-तीन वर्षांनी बघून बदला, नाहीतर गळतीचं मूळ शोधत बसाल.

पाण्याची टाकी नव्या छपरावर ठेवायची नाही. १००० लिटरची टाकी म्हणजे एक टन. नळ तीन-चार दिवसांआड येतो म्हणून लोक वर दोन-दोन टाक्या चढवतात. साठा जमिनीतल्या हौदात करा, वर ५०० लिटर पुरेत, आणि ती खांबाच्या डोक्यावर, स्लॅबच्या मधोमध नाही. न्हाणीघराचंही तसंच : एक फूट भराव घालून फरशी उचलण्यापेक्षा पाइप स्लॅबच्या खालून न्या, किंवा फरशी ४-५ इंचच उचला.

प्रश्न : गल्ली आठ फुटांची आहे, ट्रक येत नाही. लोखंड वर कसं न्यायचं?
— एक वाचक, चोपडा

पाइप सहा मीटरच्या लांबीत येतो आणि तो गल्लीच्या वळणावर अडकतो. दुकानातूनच तीन-तीन मीटरचे तुकडे करून आणा, टोकांना प्लेट वेल्ड करून भोकं पाडून आणा आणि जागेवर बोल्ट करा. १०० बाय १०० बाय ४ मिमीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे १२ किलो भरतो. तीन मीटरचा तुकडा दोघं उचलतात. वर ओढायला चेन कप्पी, पण ती जुन्या लाकडी कडीला किंवा कठड्याला टांगायची नाही. तिच्यासाठी जमिनीवर पाय असलेली वेगळी तिवई करा.

वर बघायला विसरू नका. जुन्या गल्ल्यांत विजेच्या तारा घराच्या तोंडाशी असतात. उघड्या लघुदाब तारेपासून बांधकाम आडवं १.२ मीटर आणि तार डोक्यावरून जात असेल तर उभं २.५ मीटर दूर हवं. ११ केव्ही असेल तर उभं ३.७ मीटर. आज तार गच्चीच्या कठड्याला समांतर आहे, उद्या ती खिडकीत येईल. मजला चढवायच्या आधी वीज कंपनीकडे अर्ज करून ती तार इन्सुलेटेड केबलमध्ये बदलून घ्या. आधी, कारण पाइप उभा करताना तारेला लागतो तो चौकट चढवण्याच्या दिवसांतच.

प्रश्न : शेजाऱ्याची आणि आमची भिंत एकच. त्यावर आमच्या मजल्याची तुळई टेकवली तर चालेल का? त्यांचं म्हणणं, उजेड जाईल.
— एक भगिनी, पारोळा

ताई, सामायिक भिंतीवर नवा भार टाकायचा तर त्यांची लेखी संमती हवी, आणि ती नोंदणीकृत करून घ्या. तोंडी ‘हो’ पुढच्या पिढीत टिकत नाही. त्यापेक्षा तुळई तुमच्याच बाजूच्या स्वतंत्र खांबावर घ्या, भिंतीपासून दोन इंच सोडून, आणि ती फट वरून फ्लॅशिंगने (पत्र्याच्या पट्टीने) झाका, नाहीतर तिच्यात पाणी आणि पाला साठून दोघांच्याही भिंती ओलावतील. उजेडाचं म्हणाल तर त्यांची खिडकी २० वर्षं अखंड उजेड-हवा घेत असेल, तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क ठरतो. तेव्हा खिडकीसमोरचा भाग मागे घ्या.

मालमत्ता पत्रकावर आजोबांचंच नाव असेल, तर वारसनोंद आधी. सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, पुण्याला असलेल्या चुलतभावाचीही. वरच्या खोल्या कोणाच्या, हे बांधायच्या आधी कागदावर लिहून ठेवा.

प्रश्न : परवानगीचं काय? गावठाणात कोण घेतं परवानगी?
— एक वाचक, शिरपूर

घेत नाहीत त्यांना १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते, आणि ती बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या तक्रारीवरून येते. नगरपालिका, महानगरपालिका दोन्हीकडे डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि जुन्या दाट वस्तीसाठी तिच्यात वेगळे नियम आहेत. चटई क्षेत्र तुमच्यासमोरच्या रस्त्याच्या रुंदीवर बदलतं, म्हणून आधी नगर भूमापनाचा नकाशा आणि रस्त्याची रुंदी. अर्जाबरोबर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं प्रमाणपत्र लागतं. ते सही-शिक्क्यापुरतं घेऊ नका, वर लिहिलेली वजनं त्याच्याकडून कागदावर मांडून घ्या. मिळालेली परवानगी एक वर्षाची असते, मुदतवाढ घेत ती एकूण चार वर्षांपर्यंत चालते. घराजवळ केंद्राचं संरक्षित स्मारक असेल, जसे थाळनेरचे फारुकी मकबरे, तर १०० मीटरच्या आत नवं बांधकाम बंद आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी.

प्रश्न : युरोपात जुन्या इमारतींच्या डोक्यावर तयार घरं क्रेनने बसवतात, तसं आपल्याकडे का नाही?
— एक विद्यार्थी, जळगाव

बार्सिलोनात लोखंडी सांगाड्याची तयार घरं तशी बसवली जातात. व्हिएन्नात जुन्या इमारतींचे लाकडी माळे राहण्याजोगे करतात. दोन्हीकडच्या इमारती भाजक्या विटांच्या जाड भिंतींच्या आहेत आणि रस्ते रुंद आहेत. व्हिएन्नातही भूकंपाचे नवे नियम आल्यापासून माळा वाढवताना खालच्या भिंतींची तपासणी करावी लागते. तिथून घ्यायचं ते हलकेपण आणि कारखान्यात तयार केलेले तुकडे. क्रेन आपल्या गल्लीत येणार नाही, म्हणून तुकडे दोन माणसांना उचलता येतील एवढे करायचे.

प्रश्न : आमची चार मजली इमारत ३२ वर्षांची आहे. बिल्डर म्हणतो, गच्ची माझ्या मालकीची, मी वर दोन फ्लॅट काढतो, बदल्यात तुम्हाला लिफ्ट देतो. काय करावं?
— सोसायटीचे एक सभासद, जळगाव

आधी कागद. मूळ मंजूर नकाशात गच्ची सामायिक दाखवली असेल, तर ती त्याला विकता किंवा बांधता येत नाही; १९६३ च्या फ्लॅट मालकी कायद्याच्या कलम ७ प्रमाणे नकाशात नसलेलं वाढीव बांधकाम फ्लॅटधारकांच्या संमतीशिवाय करता येत नाही. जमिनीचं अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालं आहे का ते बघा. नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा (बिल्डरच्या सहीशिवाय होणाऱ्या डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे करा, आणि तोवर बिल्डरशी कुठलाही करार करू नका. जमीन सोसायटीच्या नावावर आली की बोलणी तुमच्या बाजूने वळतात.

मग संरचनात्मक तपासणी. उपविधींप्रमाणे ३० वर्षांपुढच्या इमारतीची ती दर ३ वर्षांनी करायचीच असते. ती सोसायटीने नेमलेल्या इंजिनिअरकडून, सोसायटीच्या पैशाने. बिल्डरने आणलेल्या अहवालावर विसंबू नका.

लिफ्टचं आमिष नीट तपासा. नंतर जोडलेल्या लिफ्टचा खड्डा जिन्याशेजारच्या खांबाच्या फुटिंगला लागतो. खणताना फुटिंग उघडं पडलं आणि त्या आठवड्यात पाऊस आला, तर खालची काळी माती मऊ होते आणि जिन्याचा कोपरा बसतो. लिफ्टचा सांगाडा इमारतीपासून वेगळ्या पायावर, फुटिंगपासून लांब, आणि काम जानेवारी ते एप्रिलमध्ये. वरचे फ्लॅट करायचेच ठरलं, तर करारात चार गोष्टी लिहून घ्या : वरचं बांधकाम लोखंडी आणि हलकं, आधी कोबा काढणार, चौथ्या मजल्यावरच्यांच्या गळतीची जबाबदारी ठरावीक वर्षं बिल्डरची, बँक गॅरंटीसकट, आणि टाक्या, जिना, गच्चीचा उरलेला भाग सगळ्यांना खुला. चौथ्या मजल्यावरच्या सभासदांची वेगळी बैठक घ्या, कारण कामाच्या सहा-आठ महिन्यांत ठोकाठोकी, धूळ आणि ओल हे तेच सोसणार आहेत.